खाकी पँटचा पाय

एस्तेरबाईंनी माझ्या हनुवटीखाली बोट लावलं आणि माझं तोंड देवळात बसलेल्या मंडळीकडे फिरवलं.

"खाली काय बघतेस? लोकांकडे बघ. मोठ्यानं म्हण."

मी म्हटलं. "आम्ही रिकाम्या हातानं आलो होतो. मंडळीनं आमची ओंजळ भरली. प्रभूचे आणि मंडळीचे आभार."

अकरा वर्षांची होते मी. नाताळच्या आधीचा रविवार, उपकारस्तुतीची भक्ती. पुढच्या बाकांवर रामदासपेठेतल्या बंगल्यांतली माणसं, लोकरीच्या कोटात. मागं सतरंजीवर आम्ही. प्रभूच्या घरात जातपात नाही असं पाळकसाहेब दर रविवारी सांगायचे, आणि आम्ही ते सतरंजीवर बसून ऐकायचो. आई माझ्या शेजारी उभी होती. डोक्यावर पदर, हातात लाल फितीनं बांधलेली धान्याची पिशवी. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून कागदावरचं वाक्य मी पाठ केलं होतं. एकही शब्द चुकले नाही. घरी जाताना मला वाटत होतं, आई शाबास म्हणेल. या गोष्टीची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

एस्तेरबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष. नवरा मंडळीचा पंच, मोठा साहेब. आई देवळाची, म्हणजे चर्चची, झाडलोट करायची, बाक पुसायची, घंटा वाजवायची. बाबा चौकीदार होता, तो छातीच्या दुखण्यानं गेला. मग मंडळीनं आम्हाला देवळामागची खोली दिली. एक खोली, एक खिडकी, आणि खिडकीसमोर दोन हातांवर देवळाची भिंत. खोली गेली असती तर खाप्याला मामाच्या घरी जाणं, आणि माझी शाळा संपली. हे मला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. घरात मीठ कुठं ठेवलंय ते जसं ठाऊक असतं, तसं ठाऊक होतं.

आमच्या मंडळीत मुठीची रीत होती. बायांनी स्वयंपाकाला बसताना आधी एक मूठ देवासाठी बाजूला काढायची. पावसाळा संपला की आई चुलीजवळ गाडगं मांडायची आणि दोन वेळा मूठ टाकायची. वर कडुनिंबाचा पाला. डिसेंबरात ते धान्य पिशवीत भरून वेदीपाशी ठेवायचं. आमची पिशवी म्हणजे बाबाच्या खाकी पँटचा एक पाय. खालचं तोंड आईनं हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं. दाणे गुडघ्यापर्यंत यायचे.

मी चौदा वर्षांची झाले ते वर्ष दुष्काळाचं. रेशनवर लाल मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली जाड जवारी. भाकरी थापताना तुटायची, खाताना घशात अडकायची. मामानं खाप्याहून थोडी जवारी पाठवली होती, तिला आई हात लावू देत नव्हती.

"माय, त्यातली एक भाकर कर ना."

"ते मुठीची हाय. देवाले लाल दाना देऊ काय मी?"

दोन महिने आम्ही मिलो खाल्ली आणि देवानं जवारी खाल्ली. निदान मला तसं वाटत होतं.

मग तो रविवार आला. आमचं नाव पुकारलं. एस्तेरबाईंनी पिशवी माझ्या हातात दिली. नेहमीसारखी लाल फीत, फितीला चिठ्ठी, चिठ्ठीवर त्यांच्या कुटुंबाचं नाव आणि 'प्रेमपूर्वक'. त्या वर्षी नव्या पिशव्या कमी पडल्या असाव्यात. पुढच्या बाकांवरचा बारीक तांदूळ नाताळच्या प्रीतिभोजनाला गेला होता. मागच्या सतरंजीवरचं जाडंभरडं धान्य होतं तसंच उचलून फीत बांधली होती.

माझ्या अंगठ्याला हिरवा दोरा लागला.

मी आईकडे पाहिलं. ती पायाच्या बोटांकडे बघत होती. एस्तेरबाई हसून म्हणाल्या, "म्हण बाळ, यंदाही छान म्हण."

"आम्ही रिकाम्या हातानं आलो नव्हतो," मी म्हटलं. "ही माझ्या बापाची पँट आहे. यातली जवारी आमची आहे."

एस्तेरबाईंनी पिशवीकडे नीट पाहिलं. त्यांना कळलं, ते मला दिसलं. पुढच्या क्षणी त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "पोरीला ताप आहे वाटतं." पेटीवाल्यानं गीत सुरू केलं. सगळे उठून गाऊ लागले. माझ्या मागची सतरंजीसुद्धा गात होती.

घरी आई चुलीपुढं बसली. पिशवी मधे.

"काहून बोलली वं तू?"

"आपलीच होती ना माय."

"मले मालूम हाय. तीन सालापासून मालूम हाय. पिशवी बदलली म्हनून खाप्याची जवारी मले ओळखू येत नाई काय? निवडताना माह्याच हातचा निंबाचा पाला निघते त्याच्यातून."

"मग तू गप्प काहून राहिली?"

"खोली त्यायची हाय, बाई. खोली हाय तवरक तुही शाळा हाय."

म्हणजे दर वर्षी मी तोंड वर करून आभार मानत होते तेव्हा आई शेजारी सगळं समजून उभी होती. मला तिचा राग आला. तिच्याइतका कोणाचाच आला नाही. तो राग चुकीच्या माणसावर होता हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

सोमवारी पाळकसाहेब आले. चांगला माणूस. त्यांच्या चांगुलपणाचा आम्हाला काही उपयोग झाला नाही. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "नाताळच्या सकाळी तुझ्या आईनं स्वतः ते वाक्य म्हणावं. विषय मिटेल."

"नाही म्हटलं तर?"

त्यांनी खोलीच्या छपराकडे पाहिलं. "जानेवारीत पंचांची बैठक आहे," म्हणाले.

ते गेले. आईनं हात पुसले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"शिकव मले ते."

"मी नाही शिकवणार."

"शिकव म्हनते ना. मले वाचता येते काय?"

शिकवलं. दोन संध्याकाळी. ती 'ओंजळ' शब्दाशी अडायची, पुन्हा पहिल्यापासून धरायची. मी सांगत होते, ती म्हणत होती. आम्ही रिकाम्या हातानं आलो होतो. पुन्हा. आम्ही रिकाम्या हातानं. पुढं मी शिक्षिका झाले, कितीतरी पोरांना पाठ दिले. पण माझी पहिली विद्यार्थिनी माझी आई, आणि पहिला धडा हा.

नाताळच्या सकाळी ती उभी राहिली. मी सतरंजीवर बसून राहिले. तिनं एकही शब्द चुकवला नाही. पुढच्या बाकावरून कोणीतरी 'आमेन' म्हटलं.

खोली राहिली. त्या खोलीत मी मॅट्रिक झाले, डी.एड. झाले, महानगरपालिकेच्या शाळेत लागले. पहिल्या पगारावर भाड्याची खोली घेतली आणि आईला तिथून काढलं. देऊळ मात्र तिनं सोडलं नाही. मूठही सोडली नाही. "मूठ प्रभूची हाय, बाईची नाई," म्हणायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या शोकसभेत पंचांनी सांगितलं, बाई मोठी कृतज्ञ होती.

काल एस्तेरबाईंची सून मला देवळाच्या पायरीवर भेटली. आता महिला मंडळ तिच्याकडं आहे. तिनं मला कागद दिला आणि म्हणाली, "तुम्ही शिक्षिका आहात. यंदा पाच कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलांकडून एवढं पाठ करून घ्या ना." कागद नवा, टाइप केलेला. वाक्य तेच. ओंजळसुद्धा तीच.

आज दुपारी ती मुलं आली होती. सगळ्यात धाकटी सात वर्षांची, नाक ओढत उभी. मी त्यांना गुळाचा चहा दिला आणि वाक्य न शिकवता घरी पाठवलं. तुमच्या आयांना सांगा, म्हटलं, उद्या तुम्ही जागेवर बसून राहायचं. बोलायचं ते मी बोलेन.

उद्या तो रविवार आहे. खाकी पाय मी ट्रंकेतून काढून ठेवला आहे. हिरवा दोरा अजून पक्का आहे. पहिलं नाव पुकारायच्या आत मी उठणार आणि कोणी मूठ दिली, कोणी फीत बांधली, ते नावानिशी सांगणार. आईनं ते वाक्य माझ्याकडून शिकून म्हटलं होतं. ते मला परत घ्यायचं आहे. पेटीवाल्यानं गीत सुरू केलं तर करू दे. मी रोज साठ पोरांच्या वर्गात बोलते. माझा आवाज मागच्या सतरंजीपर्यंत जातो.