फॉईल काढलेली कुपी

"मेंढरं वळणाऱ्याच्या हातात ही कुपी दिली, हीच माझी चूक."

सर हे सगळ्यांसमोर म्हणाले. दोघं-तिघं हसले. शिरूरजवळच्या त्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो. सर माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आमच्या घरात मेंढरं होती ती आजोबांच्या काळात. मी आमच्या गावी, निमोण्यात, कांदा करतो.

कुपीत औषधाच्या दोन-चार थेंबांएवढं पाणी. पेशीच्या पडद्यात एक प्रथिन असतं, ते पदार्थ आतबाहेर नेतं. त्यालाच जाऊन चिकटणारी ही अँटिबॉडी. तिला रंग जोडलेला. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. उजेडात राहिली की चमक मरते. म्हणून फॉईलमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा मांडली. सरच म्हणाले, "ती कुपी पण ठेव. फॉईल काढ, फोटोत लेबल दिसू दे." मी काढली. संचालक उशिरा येणार होते. मांडलेली पूजा आरतीआधी हलवत नाहीत. सरांनी हलवली नाही, मीही नाही. दुपारपर्यंत कुपी खिडकीपाशी, झेंडूच्या फुलांत.

पुढच्या आठवड्यात सूक्ष्मदर्शकाखाली पेशी काळ्याच दिसल्या, रंगाची चमक मेली होती. मग ते मेंढरांचं वाक्य.

नंतर केबिनमध्ये सर म्हणाले, "संचालकांना सांग, फॉईल तू आपल्या मनानं काढलीस. नोकरी राहील."

दौंडहून येणारे तंत्रज्ञ, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, पूजेच्या वेळी शेजारीच होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आप्पा, घ्या की अंगावर. आजवर काय कमी घेतलंय व्हय?"

खरं होतं. फुटलेला बीकर माझा. बंद राहिलेला फ्रीज माझा. दर वेळी मी "चुकलं" म्हणालो होतो. साफसफाईला नव्हे, दुसऱ्यांच्या चुका ठेवायला मला नेमलं होतं.

संचालकांसमोर मी म्हणालो, "फॉईल मी काढली. सरांनी सांगितलं म्हणून."

"मी असं सांगेन?" सर हसले. मामा फरशीकडं बघत राहिले.

नोकरी गेली. लेक दौंडला सायन्सला होती. भाडं जमेना, खोली सोडून ती घरी आली. माझ्याशी बोलत नाही. सरांचं काहीच बिघडलं नाही.

परवा सरांचा निरोप आला. माफी माग, परत घेतो.

बायको म्हणाली, "जावा की. एक शब्द तर हाय."

मी गेलो नाही. लेक जन्मभर बोलली नाही तर तेही सोसेन. न केलेली चूक आता माझ्या तोंडून निघणार नाही.