बिनपिशवीचा कांगारू

डॉक्टरीणबाईंनी लेकीला उघड्या छातीशी धरायला सांगितलं होतं, आणि मी तिला स्वेटरवर धरून बसलो.

जानेवारीतलं लखनौ. बायकोने विणलेल्या जाड लोकरीपेक्षा माझं कातडं जास्त ऊबदार असेल, हे मला पटेना. लेक दीड महिना आधीच आलेली, जेमतेम दीड किलोची. दवाखान्यातल्या एकुलत्या काचपेटीत हिच्याहूनही लहान बाळ होतं. बायको ऑपरेशननंतर तापाने फणफणलेली. सासूबाईंची गाडी धुक्यात कुठेतरी अडकलेली. उरलो मी.

"कंगारू की तरह छाती से लगाकर रखिए," असं बाई म्हणाल्या होत्या. बँकेच्या प्रमोशनसाठी मी नुकतंच सामान्यज्ञान घोकलेलं, मग गप्प कसा बसणार? सिस्टर आल्यावर तिला छाती फुगवून ऐकवलं, की थैली मादीलाच असते. पिल्लू जन्मतं घेवड्याच्या दाण्याएवढं, आंधळं, बिनकेसांचं. तरी आईच्या केसांना धरून आपलं आपण पिशवीपर्यंत चढतं आणि आत स्तनाला तोंड लावतं ते कित्येक आठवडे सोडत नाही. नर यात काहीच करत नाही, हे वाक्य मी जरा जोर देऊन म्हटलं.

सिस्टरने लेकीच्या तळपायाला हात लावला. तिचा चेहरा बदलला. मीही हात लावला. पाय गार होते.

"भैया, बच्ची को आपका जनरल नॉलेज नहीं, आपकी गर्मी चाहिए. स्वेटर उतारिए. बनियान भी."

उतरवलं. नुसत्या टोपी-लंगोटातली लेक तिने माझ्या छातीवर उभी टेकवली आणि वरून स्वतःची शाल घट्ट आवळली. कांगारूची मादी पिशवीचं तोंड आवळते म्हणे, तशी. हे ज्ञान मात्र मी मनातच ठेवलं. थोड्या वेळाने एक इवलीशी मूठ माझ्या छातीवरच्या केसांत रुतली. डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं निम्मं दुखल्याचं होतं. मी हललो नाही. दर थोड्या वेळाने सिस्टर येऊन पाय चाचपून जायची. पाचव्यांदा की सहाव्यांदा म्हणाली, "अब ठीक है." इतके सुंदर तीन शब्द मला आजवर कुणी ऐकवले नाहीत. तिची शाल परत करायला गेलो, तर म्हणाली, "रखिए, ठंड जाने तक."

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई चारबाग स्टेशनवरून रिक्षाने थेट दवाखान्यात आल्या. दारातूनच त्यांना उघडाबंब जावई दिसला. मी शाल जरा बाजूला करून लेक दाखवली. त्यांनी आधी तिचे पाय चाचपले, डोळे पुसले, मग माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, इतकी वर्षं छाती नुसती फुगवायलाच वापरलीत. आली बाई एकदाची कामाला!"