झुंबरबाईनं पुसलेले आकडे

१९८४ साली आमच्या कॉलेजच्या सेवा योजनेचं शिबिर मानवतजवळच्या एका गावात होतं. पाहणीसाठी आम्ही बौद्धवाड्यातल्या दारांवर खडूनं आकडे टाकले. सांजच्याला तिथल्याच झुंबरबाईनं ते सगळे पुसले. सहा वर्षांपूर्वी नामांतराच्या दंगलीत तिचं घर असंच दारावर खूण करून, हेरून जाळलं होतं.

"मावशी, सरकारी काम आहे हे," मी चिडून म्हणालो.

"आकडे कुणाला दाखवायचेत?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीची दवंडी ऐकून ती आली, पण बसली नाही. "एक नंबर पाटलाच्या दारावर टाका. मंग माझ्या दारावर खुशाल लिवा."

सरांनी खडू पुढं केला. आम्ही चाळीस पोरं होतो. एकही उठलं नाही. मीसुद्धा.