पखालीचं तोंड

निजामाच्या अमलात औरंगाबादच्या थिएटरात अब्बांबरोबर सिनेमा पाहिला. वाट चुकलेल्या टोळीला कप्तान एकटाच वाचवतो म्हणून लोक टाळ्या पिटत होते. मला मात्र चीड आली.

अब्बा जमीन मोजणाऱ्या सरकारी टोळीला कातडी पखालीतून पाणी पुरवायचे. ती टोळी एकदा फर्दापूरच्या डोंगरात तीन दिवस भरकटली होती. सगळे जिवंत परतले, तेव्हा शाबासकी टोळीच्या साहेबाला मिळाली. पण पखालीचं तोंड अब्बांच्या मुठीत होतं. साहेबानं तोंड धुवायला पाणी मागितलं, तरी मूठ सैल झाली नाही. सगळ्यांना सारखं पाणी, आणि रिवाजाप्रमाणं पखालवाला सर्वांत शेवटी.

थिएटरातून बाहेर येताना अब्बा एवढंच म्हणाले, "पाणी कोण वाटत होतं, ते दाखवलंच नाय."

कप्तानाचा चेहरा मी विसरलो. अब्बांची मूठ नाही.