दस्तगीरची विलायती शर्यत

दस्तगीर माझा सख्खा धाकटा भाऊ. सख्ख्या भावाबद्दल असं बोलू नये म्हणणाऱ्यानं आपला चहा प्यावा आन् वाटंला लागावं. भवानीनगरच्या रस्त्याला माझं चहाचं हाटेल हाय, त्याला लागून त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणायचं आपलं. चार पाने, एक जॅक आन् दिवसभर नुसतं तोंड.

ते तोंड चालतं एकाच गोष्टीवर. विलायतेत वर्षातनं एकदा मोटारींची मोठी शर्यत आसती, ब्रिटिश ग्रां प्री म्हणत्यात तिला. तरणा होता तवा हा वालचंदनगरला एका गॅरेजात हाताखाली होता. तितला कुणी साहेब बदली होऊन गेला आन् जाताना इंग्रजी मोटारींच्या मासिकांचा गठ्ठा रद्दीत टाकून गेला. ह्या शहाण्यानं तो उचलला. अक्षर अक्षर लावत इंग्रजी वाचायला शिकला, चित्रं बघितली, आन् तवापासनं आमच्या घरात विलायत शिरली ती शिरलीच. आता मोबाइल आल्यापासनं तर इचारूच नगा.

गिऱ्हाईक क्लच प्लेट हातात धरून उभं आसतं आन् हा सांगतोय, "एकोणीसशे सव्वीस साली पहिली शर्यत झाली, ब्रुकलँड्सला. गाडीत एवढी आग, की ड्रायव्हरांचे पाय भाजले. मधीच उतरून पाण्यात पाय घालून बसले गडी!" गिऱ्हाईक म्हणतं, "बरं, माझा क्लच?" क्लच कुठला! मग महायुद्ध झालं, मग सिल्व्हरस्टोनच्या ओसाड विमानतळावर गवताचे भारे लावून शर्यत पुन्हा सुरू झाली, मग काही वर्षं घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ, मग ब्रँड्स हॅच, मग सत्त्याऐंशीपासनं परत सिल्व्हरस्टोन. गिऱ्हाईक बारामतीला दुसऱ्याकडं जातं. ह्याला त्याचं काय न्हाय.

पण खरं ते सांगते. त्या शर्यतीबाबत दस्तगीर कधी खोटं बोलला न्हाय. बाकी सगळ्यात बोलला. "उद्या देतो" म्हणून महिनाभर ट्रॅक्टर अडकवून ठेवणारा माणूस हा. पण शर्यतीचं एखादं साल चुकलं, तर घास गिळायचा न्हाय त्याला. मागं जाऊन गिऱ्हाइकाला गाठून दुरुस्त करून यायचा. तेवढ्यापुरता मी त्याला माणसात धरत होते.

त्याची पोरगी फरहत. तिची आई गेली तवा पोरगी रांगत होती, मीच वाढवली. दस्तगीरकडं एक ट्रॅक्टर हाय, हंगामात कारखान्याला ऊस वाहतो. एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडल्या, की ट्रॅक्टर पुढं कुणीबी नेतंय. मागं घेण्यात खरं कसब. हातभर चाक जास्त वळवलं, की ट्रॉल्यांची घडी होऊन बसती. आन् उसाच्या फडात वाट आसती एवढीशी, गाडी आत घालायची तर उलटीच घालावी लागती.

आमच्या विलायती पंडिताला ते कधी जमलंच न्हाय. एकदा तर ऊसवाल्या कचरूच्या बांधाची वाट लावली त्यानं. मग काय करायचा? इकडंतिकडं बघायचा, रस्त्याला कुणी न्हाय असं दिसलं, की सीटवरनं खाली उतरायचा. फरहत वर बसायची, मान मागं वळवून दोन्ही ट्रॉल्या सरळ फडात न्यायची. भरून झालं की रस्त्यावर पुन्हा हा सीटवर, छाती काढून. पोरीनं कधी बाहेर ब्र काढला न्हाय. बापाची लाज आपली लाज, असं वाटायचं बिचारीला.

औंदा हंगाम संपला आन् जत्रेत ट्रॅक्टर मागं घ्यायची स्पर्धा ठरली. दोन ट्रॉल्या जोडायच्या, चुन्याच्या फक्कीनं मारलेल्या रेघांमधनं उलटं न्यायचं. जत्रा कमिटीचे पुढारी महिपतीतात्या, त्यांनी नियम करायला दस्तगीरला बसवलं. शर्यतीतलं त्याला कळतंय असा गावाचा समज. फरहतनं नाव दिलं. आख्ख्या जन्मात पोरीनं पहिल्यांदा सोतासाठी काय मागितलं ते हे.

तात्या माझ्या हाटेलात येऊन दस्तगीरला म्हणले, "तुझीच लेक हाय, तूच सांग बाबा. घ्यायची का?"

हा चहा फुंकत म्हणतो, "माझी काय हरकत, तात्या? पण नियम म्हणजे नियम. विलायतेतल्या शर्यतीत सव्वीस सालापासनं एकबी बाई उतरली न्हाय. तितं न्हाय तर हितं कशी?"

फरहत तितंच कप विसळत होती. तिनं इचारलं, "अब्बा, खरंच एकबी न्हाय?"

"एकबी न्हाय."

तिनं मान खाली घातली आन् पुढचा कप उचलला. तिनं मानलं. मीबी मानलं. तात्यांनी नाव खोडायला लावलं. तात्या गेल्यावर मी म्हणाले, "मेल्या, तिनं मैदानात मागं घेतला, तर फडात कोण मागं घेत होतं ते गावाला कळंल, म्हणून न्हाय म्हणलास ना?" तर मला म्हणतो, "आपा, तुला शर्यतीतलं काय कळत न्हाय." असा राग आला! किटलीच घालणार होते डोक्यात.

जत्रेच्या दिवशी मैदानाच्या कडंला मी चहाचं टेबल मांडलं. फरहत माझ्याजवळ बसलेली, मैदानाकडं पाठ करून. मांडवात दस्तगीर, डोक्याला टोपी, हातात माइक. पाचसहा ट्रॅक्टर झाले. धम्मदीपच्या पोरानं, विकीनं, लई सफाईनं मागं घेतला, टाळ्या पडल्या. पुढच्या गड्याची ट्रॉली जोडायची पिन वाकली. ती ठोकून सरळ करीस्तोवर लोकांना धरून ठेवायला पाहिजे, म्हणून तात्या म्हणले, "दस्तगीर, बोल काहीतरी."

ह्याला तेवढंच पाहिजे! सव्वीस साल निघालं, भाजलेले पाय निघाले, गवताचे भारे निघाले. लोक हसत होते, तसा गडी आणखी फुलला. "आन् शहात्तर साल, मंडळी! ब्रँड्स हॅच! त्या साली दोन बायकांनी नाव दिलं होतं, दोघी पात्रतेच्या फेरीतच गळाल्या! त्याच्या आदल्या साली मात्र एक बाई शर्यतीत धावलीसुद्धा—"

आन् थांबला. सगळ्या मैदानभर कर्णे लावलेले. फरहत सावकाश वळली आन् मांडवाकडं बघायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी बघून माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

मी किटली घेऊनच मांडवात गेले. "तात्या, ऐकलं न्हवं? त्या दिवशी तर एकबी न्हाय म्हणाला हा!"

दस्तगीर पुटपुटला, "आपा, त्या दोघी पात्र ठरल्या न्हाईत."

"न ठरू देत! पण गाडी लावू दिली ना त्यांना? त्यांचा बाप न्हाय आला आडवा!"

लोक खो खो हसले. तात्या म्हणले, "बाई बरोबर बोलती. दस्तगीर, पुकार पोरीचं नाव."

त्यानं माइकवर हात ठेवला, मला म्हणाला, "आपा, माझ्या इज्जतीचा तरी इचार कर."

"तुझी इज्जत आजवर तिनंच राखली," मी म्हणाले. "पुकार."

लेकीचं नाव घ्यायला त्याची जीभ उचलंना. माइक टेबलावर टाकला आन् गडी मांडवामागनं घरी पळाला. नाव तात्यांनी पुकारलं.

फरहत आमच्याच ट्रॅक्टरवर चढली. मधी एकदा मागची ट्रॉली तिरकी झाली, लोक ओरडले. पोरगी थांबली, हातभर पुढं घेतला, पुन्हा मागं. दोन्ही ट्रॉल्या रेघांमधनं नीट गेल्या. पहिला विकी, दुसरी फरहत. तात्यांनी तिच्या डोक्याला फेटा बांधला. मी रडले, त्यात लपवायचं काय?

घरी आलो तर हा कॉटवर पडलेला. फेटा बघून उठून बसला. नंबर आलाय एवढं कळलं, कितवा ते कळंना. शेवटी इचारलंच, "कितवी आली?"

फरहत भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "अब्बा, तुमी तितंच होता की."

गावात कुणाला इचारावं, तर लेकीच्या वेळी आपण पळालो हे सोताच्या तोंडानं सांगावं लागतं. आता गिऱ्हाईक आलं तरी सव्वीस साल निघत न्हाय. खालमानेनं पाना फिरवतो आन् कुणाच्या तोंडनं नंबर निघतोय का, म्हणून कान टवकारून आसतो. मी सगळ्यांना बजावून ठिवलंय, जो सांगंल त्याचा माझ्याकडला चहा बंद.