गुलनाजचं विमान आन चटणीचा डबा

गुलनाज माजी बहीण. धाकटी, सख्खी. मी तौहीद, सोलापुरात सात रस्ता चौकात रिक्षा चालवतो. मी आठवीत शाळा सोडली, तिनं कॉलेजात विमान बनवलं! फोमचं, रिमोटवर उडणारं, माज्या रिक्षात आडवं बसत न्हाय येवढं.

पुण्याच्या स्पर्धेला कॉलेजातनं एकच विमान जाणार हुतं. गुरुराज सरांची अट अशी, की विमान दहा मजल्याच्या वर गेलं पायजे, आन त्याचा पुरावा पायजे. नुसतं "लई वर गेलं की" चालणार न्हाय.

पुरावा म्हंजे माजा फोन. त्यात हवेचा दाब मोजायची सोय हाय, हे मला तिनंच दाखवलं. वर जाईल तसा दाब कमी हुतो, त्यावरनं उंची कळती. मोठ्या विमानात बी असंच अस्तंय म्हणं. दाब पटापट उतरायला लागला की पाऊस येणार म्हणून ती घरातनं वरडती, "अम्मी, गच्चीवरच्या मिरच्या आत घे!" शेजारच्या निंगव्वा काकू आता आभाळाकडं बघतच न्हाईत, आमच्या गुलनाजला इचारत्यात.

त्या दिवशी जुळे सोलापूरच्या मैदानावर निघताना अम्मीनं फोन शेंगाचटणीच्या डब्यात घातला. प्लास्टिकचा टणक डबा, घट्ट क्लिपा, झाकणाला रबर. "पडला तरी फुटायचा न्हाय," म्हणली.

डबा पोटाला बांधून विमान उडालं. घारी बाजूला झाल्या! मी शिट्ट्या मारून मारून दमलो. खाली आल्यावर सरांनी फोन बघितला.

"गुलनाज, हे तर जमिनीवरच हाय म्हणतंय."

पोरं खिदळली. एक म्हणला, "रिक्षाच्या टपावरनं उडवलं का?"

"सर, तुमाला डोळं हायत की!" मी पुढं झालो.

"भाई, गप की जरा."

तिचं डोळं भरलं हुतं. तरी फोन घेऊन ती शेजारच्या बिल्डिंगीचा जिना चढली. उंचीचा आकडा वाढला. मग खाली येऊन फोन डब्यात बंद केला आन परत चढली. आकडा जाग्यावरच! जिन्यातनंच तिचं हसू ऐकू आलं.

"भाई, अम्मीचा डबा! खालची हवा आत कोंडून वर गेली, फोनला काय कळणार?"

मी चहाच्या गाडीवर स्क्रूड्रायव्हर तापवला, डब्याला भोकं पाडली. विमान परत सोडलं. उतरल्यावर फोनावरची उंचीची रेघ बघून सरच म्हणले, "अबब!" मघाचं पोरगं पुढं होऊन विमान उचलू लागलं. "निकाल उद्या," सर म्हणले.

घरी अम्मी डबा बघून लई बोलली. "चटणी आता कशात ठिवू, तुज्या डोक्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. गुलनाजचं विमान पुण्याला चाललं! ती दात घासत हुती. तोंडात ब्रश तसाच ठेवून तिनं अम्मीला उचललं, अंगणात गरगर फिरवलं, आन अम्मीची सगळी ओढणी फेसानं पांढरी झाली.