एका बोटाएवढं तोंड

दादाला भाकर खाताना पाहावं, असं मला अजूनही वाटतं. चतकोर भाकरीची घडी, वर ठेचा, आणि सगळं एका घासात आत. आई म्हणायची, "हळू खाय रे, कोनी हिसकून नाही नेत." तो भरल्या तोंडानं हसायचा आणि ते हसणं शेजारच्या अंगणात ऐकू जायचं.

दादा दिग्रसला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होता. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षांत जिनिंग महिनोन्महिने बंद राहू लागली. रिकामी माणसं पानठेल्यावर बसायची, दादाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा, दिवसाला पाच-सहा पुड्या. भूक मरते आणि वेळही जातो. शेवटी दादा गावी परत आला.

मी तेव्हा गावात आशाताई म्हणून काम करत होते. खर्रा खाऊन गाल आतून कडक होतात, आधी तिखट झोंबतं, मग तोंड कमी कमी उघडतं, हे घरोघरी सांगत फिरायचे. तपासणीही सोपी. तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायची, जात नसतील तर दवाखाना गाठायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान! माझ्याच घरात दादा भाकर वरणात कुस्करू लागला, ठेचा बाजूला सारू लागला, आणि मला वाटलं, काम सुटलं म्हणून जेवणावरून मन उडालं असेल. एक दिवस मीच त्याला बोटं घालून पाहायला लावली. एकच गेलं.

दवाखान्यात खर्रा बंद करायला सांगितलं, औषध दिलं, व्यायाम शिकवला. दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, थोडंफार सैल होईल, पहिल्यासारखं नाही. पण सोडलं तर कॅन्सरचा धोका कमी होईल. मी दादाला "सैल होईल" एवढंच सांगितलं. खर्रा त्यानं त्याच दिवशी सोडला. रोज सकाळी आरशापुढं उभा राहून काड्या लावायचा. "पाहय बाई, दिवाळीले भाकर खातो का नाही ते!"

घाटंजीच्या आठवडी बाजारात आम्ही आशाताईंनी तपासणीचं टेबल लावलं, तेव्हा तो आपणहून आला. लोकांना स्वतःचं तोंड दाखवू लागला. एका ऑटोवाल्याची दोनच बोटं गेली. तो घाबरला. "ताई, सोडलं तं पुन्हा पहिल्यासारखं होते का?"

दादा माझ्याकडं बघत होता. त्यालाही हेच विचारायचं होतं. मीच कधी विचारू दिलं नव्हतं.

"लवकर सोडलं तं बहुतेक तेवढ्यावर थांबते," मी म्हणाले. "पन पार आखडलं तं पूर्ण उघडत नाही."

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला. तिकिटं खिशात ठेवत म्हणाला, "तुले पहिलेच मालूम होतं?"

"हो."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तू भाकर खाईन म्हने, तं मले ऐकाले बरं वाटे."

गाव आलं. माझी पिशवी त्यानंच उचलली आणि उतरता उतरता म्हणाला, "पुढच्या बाजारी, पूर्ण उघडत नाही ते मी सांगीन. तुह्यानं होत नाही."